व्होल्ट आपण देतो, करंट मोटर घेते: छोट्या डीसी मोटरचा वेग आणि करंट कसा आवरायचा

"माझी मोटर २ अँपिअरची आहे आणि घरात १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टवरून १२ देणारा सप्लाय) पडलाय, लावला तर जळेल का?" नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तर आहे नाही, त्या १० मुळे जळत नाही. १० म्हणजे सप्लाय जास्तीत जास्त तेवढं देऊ शकतो. घ्यायचं किती ते मोटर ठरवते, तिच्यावर लोड किती आहे बघून. व्होल्ट आपण देतो, करंट मोटर घेते. हे एक वाक्य पक्कं झालं ना की बाकी सगळं त्यातूनच सुटत जातं, म्हणून आधी हेच समजून घेऊ आणि मग एकेक पायरी करू.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. शेजारच्या काकू घरी मागासाठी कांड्या, म्हणजे सूत गुंडाळलेल्या छोट्या नळ्या, भरून देतात. त्यांच्या मशीनवर आधी हाताचं चाक होतं, खांदा लै दुखायला लागला म्हणून मी त्याला छोटी १२ व्होल्टची मोटर बसवून दिली, ती कार्बनवाली ५५५ साईझची गोल मोटर मिळते ना, तीच. पहिल्या दिवशी बटन दाबलं की सूत तुटायचं, दाबलं की तुटायचं. वेग कमी केला तर मोटर सुरूच व्हायची नाही आणि झाली की परत तुटायचं. काकू काही बोलल्या नाहीत, पण दर वेळी गाठ त्यांनाच मारावी लागत होती. तेव्हा कळलं की नुसता वेग आवरून भागत नाही, करंटही आवरावा लागतो, आणि ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून उदाहरण त्याच मोटरचं घेतो. तुमची मोटर पाण्याच्या पंपाची असेल, गड्डा यात्रेत पोरांना घेतलेल्या गाडीतली असेल, हिशोब तोच.

आत काय चालतं

मोटर फिरते तेव्हा ती स्वतःच एक छोटा जनरेटर पण असते. फिरल्यामुळे तिच्या वाइंडिंगमध्ये (आतल्या तारेच्या गुंडाळीत) उलट व्होल्टेज तयार होतं, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात, आणि ते वेगाच्या प्रमाणात वाढतं. आपण दिलेल्या १२ व्होल्टमधून हे वजा करा, जे उरतं तेवढंच वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवर पडतं, आणि करंट तेवढ्यानेच वाहतो.

आता मोटर थांबलेली असेल तर? वेग शून्य, बॅक ईएमएफ शून्य, म्हणजे पूर्ण १२ व्होल्ट थेट वाइंडिंगवर. माझ्या मोटरचा रेझिस्टन्स १.५ ओहम निघाला, म्हणजे १२ भागिले १.५, सरळ ८ अँपिअर. मोकळी फिरताना हीच मोटर ०.३ अँपिअर घेते बगा! सुरू होताना दर वेळी क्षणभर ८, आणि जाम झाली तर धूर निघेपर्यंत ८. १२ व्होल्ट गुणिले ८ अँपिअर म्हणजे ९६ वॅटची शेगडी, ती पण मुठीएवढ्या डब्यात, आणि वारा घालायला आतला पंखा फिरत नाहीये.

दुसरी गोष्ट, मोटरचा जोर म्हणजे टॉर्क हा फक्त करंटवर अवलंबून असतो, करंट दुप्पट तर जोर दुप्पट. उष्णता मात्र करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून थोडासा जास्त लोड पण मोटरला पटकन तापवतो.

पायरी पहिली: मोटर मोजून घ्या

भंगारातल्या किंवा दुकानातल्या मोटरवर स्टिकर असेलच असं नाही आणि असला तरी त्यावर विसंबू नका. तीन आकडे हवेत.

रेझिस्टन्स. मल्टीमीटरच्या ओहमवर नुसतं लावून बघू नका, इतका कमी रेझिस्टन्स मोजताना मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स मध्ये येतो आणि कार्बन कॉम्युटेटरवर (शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) कुठे टेकलाय त्याप्रमाणे आकडा उड्या मारतो. त्यापेक्षा असं करा: शाफ्ट पक्कडीने हलकं पण घट्ट धरा, मोटरमधून साधारण १ अँपिअर सोडा (कशाने ते पुढे सांगतो), आणि मोटरच्या टोकांवर किती व्होल्ट आहेत ते मोजा. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रेझिस्टन्स. शाफ्ट थोडा थोडा फिरवून पाच-सहा जागी मोजा आणि सरासरी घ्या. पटकन उरका, कारण गरम झालं की तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर डिग्रीला सुमारे ०.३९ टक्के.

मग मोकळा करंट, पूर्ण १२ व्होल्टवर लोड न लावता. माझा ०.३.

मग मोकळा वेग. स्वस्तातला लेझरचा टॅकोमीटर मिळतो, शाफ्टला चकाकणारी पट्टी चिकटवून मोजा. माझा ६००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्या.

आता बघा यातून काय निघतं. मोकळी फिरताना ०.३ गुणिले १.५ म्हणजे ०.४५ व्होल्ट वाइंडिंगमध्ये गेले, उरलेले ११.५५ म्हणजे ६००० आरपीएमचा बॅक ईएमएफ, म्हणजे दर हजार आरपीएमला जवळपास १.९३ व्होल्ट. हा आकडा त्या मोटरचा अंगठ्याचा ठसाच समजा. यावरूनच जोर पण निघतो, दर अँपिअरला साधारण १८ मिलीन्यूटन मीटर. कांडीची त्रिज्या १ सेंटीमीटर धरली तर जाम झालेली मोटर ८ अँपिअरवर सुताला जवळपास १.४ किलोने ओढते. एकपदरी सूत बिचारं काय टिकणार! काकूंचं सूत का तुटत होतं ते वहीवर हा गुणाकार केल्यावर कळलं, आणि हे मी मोटर बसवायच्या आधी करायला हवं होतं.

पायरी दुसरी: आधी संरक्षण

हे सोडून पुढे जाऊ नका. प्लसच्या वायरीत सप्लायच्या जवळ फ्यूज टाका, गाडीतला ब्लेड फ्यूज चालतो, माझ्या मोटरला ३ अँपिअर. सुरू होतानाच्या झटक्याला तो सहसा टिकतो आणि जाम झाली तर उडतो. गाडीच्या बॅटरीवर चालवत असाल तर फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच पाहिजे, कारण शॉर्ट झालं तर बॅटरी शेकडो अँपिअर ओकते आणि वायर लाल होते. एसएमपीएसची २३० व्होल्टची बाजू झाकलेली असू द्या, घरात लहान मुलं असतात.

टेस्टिंगसाठी अजून एक जुनी युक्ती: मोटरच्या सिरीजमध्ये गाडीच्या ब्रेक लाईटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. मोटर नीट फिरत असेल तर बल्ब थंड, त्याचा रेझिस्टन्स कमी, तो मध्ये आहे हे फारसं जाणवत पण नाही. मोटर जाम झाली किंवा वायरिंग चुकलं की बल्ब पेटतो, तापतो, रेझिस्टन्स वाढतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या आतच अडकतो. डोळ्याला दिसतं पण की काहीतरी चुकलंय. नवीन सर्किट मी आजही आधी बल्बावरच चालवतो.

सिरीजमध्ये रेझिस्टर टाकून वेग कमी करू नका

बल्ब टेस्टिंगला ठीक, पण कायम वेग कमी करायला वायरवाउंड रेझिस्टर टाकायची सवय बऱ्याच जणांना आहे, जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरवरून आलेली. हिशोब बघा. १२ व्होल्टवर सिरीजमध्ये ४ ओहम टाकला. लोड १ अँपिअरचा असताना वेग येतो साधारण ३३८० आरपीएम, छान वाटतं. लोड २ अँपिअर झाला की वेग ५२० वर येतो! सुताला जरा ताण आला, पंपात जरा कचरा आला की मोटर बसलीच. वर तो रेझिस्टर २ अँपिअरला १६ वॅट तापतो, हात लागला तर भाजेल.

त्याऐवजी व्होल्टेजच कमी केलं तर? २००० आरपीएम १ अँपिअरला हवे असतील तर ३.८५ व्होल्ट बॅक ईएमएफसाठी आणि दीड व्होल्ट वाइंडिंगसाठी, एकूण ५.३५ व्होल्ट. लोड २ अँपिअर झाला तर वेग १२२० वर येतो. पडतो, पण बसत नाही. मात्र हेही बघा, पूर्ण १२ व्होल्टवर १ वरून २ अँपिअरला जाताना वेग ५४५० वरून ४६७५ म्हणजे जेमतेम १४ टक्के पडतो, आणि ५.३५ व्होल्टवर ३९ टक्के पडतो. हळू चालवली की मोटर "कमजोर" वाटते त्याचं कारण हे आहे, मोटर खराब नसते. फार हळू हवं असेल तर गिअरवाली मोटर घ्या, इलेक्ट्रॉनिक्सने सगळं होत नाही.

पायरी तिसरी: सीसी-सीव्ही मॉड्यूल

नवीन माणसाने इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. सीसी-सीव्ही म्हणजे करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधून ठेवणारं. एक्सएल४०१५ आयसीचं छोटं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल मिळतं, त्यातलं दोन पॉटवालं (पॉट म्हणजे फिरवायचा स्क्रू) घ्या (एक पॉटवालं फक्त व्होल्टेजचं असतं, ते नको). एक स्क्रू व्होल्टेजचा म्हणजे वेगाची कमाल, दुसरा स्क्रू करंटचा म्हणजे जोराची कमाल. दोन्ही कामं एका पट्टीवर, प्रोग्रॅमिंग काही नाही. लिहिलेलं ५ अँपिअर असतं, पण हीटसिंक न लावता मी ३ च्या पुढे नेत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर अजून कमीच धरा.

सेट असं करा. मोटर न लावता आउटपुटवर मीटर लावून व्होल्टेज सेट करा. मग करंटचा स्क्रू बराच उलटा फिरवून कमी करा, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटरनेच आउटपुट शॉर्ट करा. घाबरू नका, मॉड्यूल करंट आवरून धरतं, त्याचं कामच ते आहे. आता स्क्रू हळूहळू फिरवत हवा तो आकडा आणा. झालं की मीटरची वायर परत व्होल्टच्या भोकात घाला, ती तशीच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला गेलात तर सप्लाय शॉर्ट होतो. पहिल्या पायरीतला १ अँपिअर पण याच मॉड्यूलने सोडायचा.

दोन गोष्टी सांभाळा. बऱ्याच मॉड्यूलमध्ये करंट मोजणारा रेझिस्टर मायनसच्या वाटेत असतो, म्हणून इनपुटचा मायनस आणि आउटपुटचा मायनस एकमेकांना जोडू नका, जोडला की करंट लिमिट बायपास होतं आणि तुम्हाला कळत पण नाही. आणि मोटरला जड चाक असेल तर व्होल्टेज कमी करताना मोटर जनरेटर बनून मॉड्यूलमध्ये उलटं ढकलते, त्यासाठी प्लसमध्ये एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा, कमी व्होल्ट खाणारा) टाका, अर्धा व्होल्ट जाईल पण मॉड्यूल वाचेल.

काकूंच्या मशीनला मी करंट १.२ अँपिअरवर अडवला. त्यातले ०.३ मोटरचं स्वतःचं घर्षण खातं, उरलेल्या ०.९ ने १ सेंटीमीटर त्रिज्येला साधारण १७० ग्रॅमची ओढ मिळते. सूत कुठे अडकलं तर मोटर नुसती थांबते, सूत तुटत नाही, काकू सोडवतात आणि परत फिरायला लागते. त्या दिवशी काकूंनी मला शेंगा चटणीची बरणी भरून दिली. एक बारकावा मात्र आहे, कांडी भरत जाते तशी जाड होते, त्रिज्या दुप्पट झाली की त्याच करंटला ओढ निम्मी होते. म्हणून करंट ठरवताना भरलेल्या कांडीला ओढ पुरते का ते बघा आणि रिकामीला सूत टिकतं का ते बघा, दोन्हीच्या मधला आकडा घ्या.

पायरी चौथी: पीडब्ल्यूएम

चालू असताना वेग बदलायचा असेल, पेडल लावायचं असेल तर मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि पीडब्ल्यूएम. मोटरला पूर्ण १२ व्होल्ट देतो पण भराभर चालू-बंद करून, जितका वेळ चालू तितकं सरासरी व्होल्टेज.

मॉसफेट निवडताना सगळे फसतात ती जागा म्हणजे आयआरएफ५४०. त्याच्या गेटला (चालू-बंद करायच्या टोकाला) नीट चालू व्हायला १० व्होल्ट लागतात. आर्डुइनोचे (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचे) ५ व्होल्ट दिले की तो अर्धवट उघडतो आणि तापून मरतो. आयआरएलझेड४४एन घ्या, तो ५ व्होल्टवर पूर्ण उघडतो. गेटला १०० ओहम सिरीजमध्ये, आणि गेट ते सोर्स १० किलोओहम, म्हणजे आर्डुइनो रिसेट होत असताना मोटर आपोआप सुटणार नाही. हा १० के विसरू नका, हात मशीनमध्ये असताना मोटर उसळली तर बोट जाईल.

मोटरला उलटा डायोड हवाच, कॅथोड (पट्टीची बाजू) प्लसकडे. मॉसफेट बंद होतो तेव्हा वाइंडिंगमधला करंट थांबत नाही, त्याला वाट लागते, वाट नसेल तर व्होल्टेज उसळून मॉसफेट फुटतो. १एन४००७ सगळीकडे मिळतो पण तो बंद व्हायला सावकाश आहे, हजार हर्ट्झच्या आत चालून जातो, वर जायचं असेल तर १एन५८२२ सारखा शॉटकीच.

फ्रिक्वेन्सी किती? आर्डुइनो उनोच्या ९ आणि १० नंबर पिनवर मुळात ४९० हर्ट्झ असते. मोटर कुईं करते आणि करंट दर वेळी खालीवर होतो, सरासरी जोर तोच मिळतो पण उष्णता जास्त होते. टायमर वनचा प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा आकडा) १ केला की ३१ किलोहर्ट्झ होते, आवाज बंद, करंट गुळगुळीत. हे केल्यावर मोटर हाताला कमी गरम लागते, स्वतः करून बघा. मॉसफेट मात्र जरा जास्त तापतो, कारण गेट भरायला पिन कमजोर पडते, तिथे गेट ड्रायव्हर लावा किंवा ४ किलोहर्ट्झवर भागवा.

मोटरच्या टोकांवर ठिणग्यांचा त्रास कमी करायला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावा. मोठा इलेक्ट्रोलिटिक तिथे लावू नका, दर पल्सला मॉसफेट त्यालाच भरत बसेल. मोठा कॅपॅसिटर, ४७० ते १००० मायक्रोफॅरड, सप्लायच्या बाजूला.

आणि सॉफ्ट स्टार्ट! ड्यूटी (चालू वेळेचं प्रमाण) एकदम देऊ नका, शून्यापासून एक-दीड सेकंदात चढवा. प्रोग्रॅममध्ये चार ओळी, पण सूत, गिअरचे दात, कार्बन सगळ्यांचं आयुष्य वाढतं.

पायरी पाचवी: पीडब्ल्यूएममध्ये करंट मोजणं

इथे गोंधळ होतो. ५० टक्के ड्यूटीला मोटरमध्ये २ अँपिअर वाहत असतील तर सप्लायच्या वायरीत मीटर साधारण १ च दाखवतो, कारण उरलेल्या वेळात करंट डायोडमधून गोल फिरत असतो. मोटर तापते २ ने आणि आपण १ बघून निवांत असतो. म्हणून सेन्सर मोटरच्याच वायरीत घाला. एसीएस७१२ चं ५ अँपिअरवालं मॉड्यूल सोपं, शून्याला २.५ व्होल्ट आणि पुढे दर अँपिअरला १८५ मिलीव्होल्ट. किंवा मॉसफेटच्या सोर्समध्ये ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर), २ अँपिअरला ०.२ व्होल्ट मिळतात, पण ते फक्त चालू असतानाच दिसतात, मोजायची वेळ साधावी लागते. प्रोग्रॅमचं काम इतकंच, करंट ठरवलेल्याच्या वर गेला की ड्यूटी कमी करत जा, खाली आला की हळूहळू परत वाढव.

हे सगळं नको असेल तर डीआरव्ही८८७१ ड्रायव्हर बघा, त्यात एका रेझिस्टरने करंट लिमिट ठरतं. ६४ भागिले किलोओहम म्हणजे अँपिअर, ३२ के लावला की २ अँपिअर. दोन्ही दिशा पण मिळतात. एल२९८ चं लाल मॉड्यूल सगळीकडे मिळतं म्हणून लोक घेतात, पण त्यात १ अँपिअरला दोन-अडीच व्होल्ट आतच जातात, छोट्या मोटरला ते परवडत नाही.

उलट दिशेबद्दल एक कळकळीची सूचना. पूर्ण वेगात असताना एकदम उलटी करू नका. त्या क्षणी सप्लायचे १२ आणि बॅक ईएमएफचे साडेअकरा एकाच बाजूला येतात, साडेतेवीस व्होल्ट दीड ओहमवर, म्हणजे १५ अँपिअरच्या वर, जाम करंटच्या जवळपास दुप्पट. माझी एक मोटर अशीच गेली, कॉम्युटेटरच्या पट्ट्या काळ्या पडल्या. आधी ड्यूटी शून्यावर आणा, थांबू द्या, मग उलटी.

वेग पक्का धरायचा असेल तर

लोड बदलला तरी वेग हलू नये असं वाटत असेल तर वेग मोजून परत ड्यूटी सुधारावी लागते. शाफ्टवर २० खाचांची चकती आणि आयआर सेन्सर. पण दर २० मिलीसेकंदांत किती खाचा गेल्या ते मोजू नका, २००० आरपीएमला तेवढ्यात १३ च जातात, एक इकडेतिकडे झाली की ७-८ टक्के चूक. दोन खाचांमधला वेळ मोजा, दीड मिलीसेकंद येतो, तो मायक्रोसेकंदात मोजता येतो. खाचा एकसारख्या कापलेल्या नसतील तर पूर्ण फेरीची सरासरी घ्या. मग आधी फक्त फरकाच्या प्रमाणात ड्यूटी वाढवा, थरथर सुरू झाली की निम्म्यावर आणा, आणि साचत जाणारा भाग (इंटिग्रल) थोडाच घाला, त्याला मर्यादा घालून. मर्यादा नसेल तर मोटर जाम असताना तो साचत राहतो आणि सोडवल्यावर मोटर पिसाळते.

सेन्सर बसवायला जागा नसेल तर करंटवरून अंदाज घेता येतो, जितका करंट वाढला त्या गुणिले रेझिस्टन्स इतके व्होल्ट वाढवायचे. पण पूर्ण १.५ ओहम धरू नका, ७०-८० टक्केच धरा, जास्त धरलं की करंट वाढला म्हणून व्होल्ट वाढले, व्होल्ट वाढले म्हणून करंट वाढला असं सुरू होतं.

शेवटी, हे सगळे आकडे सकाळी थंड मोटरवर घेतलेले असतात. सोलापुरात दुपारी ४३ डिग्री असताना आत वाइंडिंग १०५ ला गेलं तर रेझिस्टन्स थंडीतल्या २५ डिग्रीच्या मानाने सुमारे ३१ टक्के वाढलेला असतो, १.५ चा १.९७. वेग पडतो, जाम करंट पण कमी होतो, म्हणून फ्यूज उडायला उशीर होतो. करंट लिमिट उन्हाळ्यात मी एकदा परत मोजतो आणि मोटरवर बोट ठेवून बघतो, पाच सेकंद ठेववलं नाही तर लिमिट खाली आणतो किंवा तासाला दहा मिनिटं विश्रांती देतो. काकूंच्या मशीनवर चिठ्ठी चिकटवलीय, जानेवारीत १.२ आणि मे महिन्यात १.०, कांडी थोडी सैल भरते पण मोटर टिकलीय.